मध्यम शहरातला संसार : कोल्हापूरचा जमाखर्च



‘कोल्हापुरातच राहावं की पुण्याला जावं?’ हा प्रश्न आमच्याकडे घरोघरी आहे. बदलीचा कागद आला किंवा मुलं बारावीला पोचली की तो हटकून निघतो. उत्तर बहुधा घराच्या किमतीवर आणि नवऱ्याच्या पगारावर ठरतं. घर चालवणारीचा दिवस कसा जाणार, हे त्या हिशेबात क्वचितच धरलं जातं. आज तेवढंच पाहू.

आधी जमेची बाजू. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास होती. गाव लहान नाही, पण अंतरं लहान आहेत. राजारामपुरीतून शिवाजी पेठेत दुचाकीवर जायला फार वेळ लागत नाही. मी अर्धवेळ शिकवते ती याच बळावर. सकाळी डबे भरून निघते आणि दुपारच्या जेवणाला घरी असते. मोठ्या शहरात एवढ्याच तासांच्या कामाला प्रवासापायी अख्खा दिवस जातो. लक्ष्मीपुरीत नाहीतर कपिलतीर्थ मंडईत ताजी भाजी मिळते. गंगावेशीत तर अजूनही समोर धार काढून दूध देतात. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हापासून इथं शिक्षणाची आच आहे. १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. मुलीला घरी ठेवून एम.ए., एम.एस्सी. करता येतं, वसतिगृहाचा खर्च पडत नाही.

आता दुसरी बाजू. पदवी इथं मिळते, पण मनाजोगी नोकरी तेवढी मिळत नाही. उद्योग मुख्यतः फौंड्री, साखर आणि दुधाचे. संगणक शिकलेली मुलगी बहुधा पुण्याचीच गाडी धरते. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, त्यामुळे वकिली शिकलेल्या मुलींना मुंबईला न जाता उच्च न्यायालयात उभं राहता येईल. पण सगळ्याच काही वकील होत नाहीत.

दुसरं म्हणजे, पेठेत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. ज्या शेजारणीकडे किल्ली बिनधास्त ठेवता येते, तिलाच आपली सून किती वाजता घरी आली हेही माहीत असतं. एक हवं तर दुसरं सोसावंच लागतं.

तिसरी गोष्ट पुराची, आणि ती हसण्यावारी नेऊ नका. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली पाण्यात गेली. उपसा केंद्रं बुडाल्यामुळे सगळीकडे पाणी असून नळ मात्र कोरडे! महामार्ग बंद, म्हणून बाहेरून माल येईना. २०२१ साली पुन्हा तीच गत झाली. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा एजंटाच्या बोलण्यावर जाऊ नका. शेजारच्या घरातल्या बाईला विचारा, ‘२०१९ ला पाणी कितव्या पायरीला लागलं होतं?’ ती खरं सांगेल.

मग ठरवायचं कसं? एक वही घ्या. भाडं, फी, किराणा हे आकडे तर घालाच, पण शेजारी आपले तासही लिहा. प्रवासात किती जातात, कामाला किती उरतात, ते मांडा. नोकरी सोडून इथं येणार असाल, तर तो बुडणारा पगार खर्चाच्या बाजूला स्पष्ट लिहा. घरात त्याला कुणी ‘वरखर्चाचे पैसे’ म्हणालं तरी तो पगारच आहे. आणि इथं राहून रोज दोन तास वाचणार असतील, तर ते कशाला द्यायचे हे घरात आधी बोलून घ्या. नाहीतर ‘तू काय, घरीच असतेस’ म्हणून त्यात पाहुण्यांचा स्वयंपाक कधी शिरला, ते कळायचंही नाही. शिकवणी, शिवण, परीक्षा, जे काही मनात असेल ते त्या दोन तासांत बसवा. तसं जमत असेल तर कोल्हापूर खुशाल निवडा. जमणार नसेल, तर स्वस्त घराच्या मोहात पडू नका.

पुराच्या दिवसांसाठी घरात काय काय भरून ठेवावं, त्याची यादी पुढच्या अंकात देते.