गाणे कुणाचे, नजर कुणाची?



विडी घरकुलातल्या एका बैठकीत एका आईने प्रश्न विचारला आणि ठरलेला विषय बाजूलाच राहिला. तिच्या बारावीतल्या मुलीने एका गाजलेल्या गाण्यावर नाच केला, मैत्रिणीने तो मोबाइलवर टिपून इन्स्टाग्रामवर टाकला. दोन दिवसांत तो गल्लीतल्या पोरांच्या हातात होता. भावाने मोबाइल फोडला, मुलीचे कॉलेज बंद झाले, लग्नाची बोलणी सुरू झाली. आई म्हणाली, "टीव्हीत ती बाई नाचते तेव्हा समदे घरात बसून बघत्यात. माझी पोरगी नाचली तर घराची अब्रू गेली. हे कसं?" शेजारी बसलेली दुसरी बाई हळूच म्हणाली, "पण बाई, तसल्या गाण्यावर पोरीनं नाचावं का?"

हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. अडचण अशी की आपल्या चळवळीने बऱ्याचदा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना पहिला प्रश्न विसरला. म्हणून या अंकात या विषयावर थोडे सविस्तर बोलायचे ठरवले आहे.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या घराघरांत आल्या. एम टीव्ही आला, १९९४ मध्ये चॅनल व्ही आला. गाणे ही ऐकण्यापेक्षा बघण्याची गोष्ट झाली. सिनेमातल्या गाण्याच्या मागेपुढे निदान एक कथा तरी असे. म्युझिक व्हिडिओत कथेची गरजच उरली नाही. तीन-चार मिनिटांत बघणाऱ्याला खिळवून ठेवायचे, तर सर्वांत स्वस्त साधन म्हणजे बाईचे शरीर. ते कसे दाखवले जाते ते एकदा आवाज बंद करून बघा. कॅमेरा कमरेवर, पोटावर, मांडीवर थांबतो, चेहऱ्यावर क्वचितच. पुरुष गायक अंगभर कपड्यांत, गाडीला टेकून उभा. त्याच्या भोवती चार-पाच जणी, ज्यांना नाव नाही, बोलणे नाही. आणि आवाज चालू केलात तर शब्दांत ती कधी खाण्याचा पदार्थ असते, कधी दारू, कधी पाखरू. माणूस सोडून सगळे काही.

यात मराठी माणसाने अंग झटकायचे कारण नाही. 'जत्रा' या २००६ च्या चित्रपटातले 'कोंबडी पळाली' आपणच लग्नाच्या वरातीत आणि गणपतीपुढे वाजवले. त्याच चालीवर २०१२ साली 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' झाले आणि देशभर गेले. ते गाणाऱ्या श्रेया घोषाल यांनी २०२५ साली एका मुलाखतीत सांगितले, की पाच-सहा वर्षांच्या मुली अर्थ न कळता हे गाणे म्हणतात तेव्हा संकोच वाटतो. गायिकेला हे जाणवते आणि ती उघड बोलते, ही लहान गोष्ट नाही. पण लिहिणारे, चाल बांधणारे, पैसा लावणारे यांना कुणी कधी असे विचारते का?

पैशाचा हिशेब तर त्याहून बोलका आहे. २००२ साली 'काँटा लगा' या रिमिक्सच्या व्हिडिओने देश ढवळून काढला. मूळ गाणे १९७२ च्या 'समाधी' चित्रपटातले, लताबाईंनी गायलेले. व्हिडिओत दिसणारी शेफाली जरीवाला तेव्हा शिकत होती. या कामाचे आपल्याला सात हजार रुपये मिळाले, असे तिनेच पुढे मुलाखतींत सांगितले. कॅसेटी, सीडी, जाहिराती, वाहिन्या यांनी किती मिळवले याचा हिशेब कुणी मांडला नाही; मात्र संस्कृती बिघडवल्याचा ठपका तिच्या एकटीवर आला. त्या एका गाण्याचे नाव तिला आयुष्यभर चिकटले. किशोरवयापासून आपल्याला फिट्सचा आजार होता आणि त्यामुळे बरीच वर्षे फारसे काम करता आले नाही, हेही तिने सांगितले होते. ते फार थोड्यांनी ऐकले. २७ जून २०२५ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी तिचे निधन झाले, तेव्हा तिच्या दुःखात बुडालेल्या माणसांच्या तोंडासमोर कॅमेरे होते आणि वाहिन्यांवर चर्चा होती ती तिने तरुण दिसण्यासाठी कोणती औषधे घेतली याची. जी बाजारपेठ बाईला विशीतच गोठवून ठेवू पाहते, तीच तिला पुन्हा विचारते की तू म्हातारी व्हायला का घाबरलीस?

आता आपल्या गावाजवळ येऊ. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याची गौतमी पाटील हे नाव माहीत नाही असे गाव आज महाराष्ट्रात नसेल. तिला मोठे केले ते मोबाइलवरच्या तुकड्यांनी. २०२२ पासून तिचे कार्यक्रम जत्रांत, वाढदिवसांना, उद्घाटनांना होऊ लागले. आपल्या सोलापूर जिल्ह्यातही झाले. तिच्या काही हावभावांवर टीका झाली. ती टीका रास्त होती असे आम्हालाही वाटते. तिने जाहीर माफी मागितली आणि ते हावभाव सोडले. पण प्रकरण तिथे थांबले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये कार्यक्रमाच्या ठिकाणी ती कपडे बदलत असताना कुणीतरी चोरून चित्रण केले आणि ते सगळीकडे पसरवले. गुन्हा नोंदवला गेला, राज्य महिला आयोगाने दखल घेतली. त्याच वर्षी तिने 'पाटील' हे आडनाव लावू नये अशी मागणी पुढे आली. म्हणजे जातीची अब्रूही तिच्याच डोक्यावर! मानधन किती घेते यावर कीर्तनातून टोमणे मारले गेले. गर्दीने हाणामारी केली की बातमीचा मथळा 'गौतमीच्या कार्यक्रमात राडा'. राडा करणारे पुरुष मथळ्यात कुठेच नाहीत.

या चोरट्या चित्रणाकडे नीट बघायला हवे. स्टेजवर ती नाचते ते तिचे काम आहे, तिच्या मर्जीने, मोबदला घेऊन. पडद्यामागे कपडे बदलते ते तिचे खासगी आयुष्य आहे. या दोहोंमधली रेषा ज्याला कळत नाही, त्याची समजूत अशी असते की जी बाई लोकांसमोर नाचते तिचे सगळेच लोकांचे. ही समजूत मोबाइलने जन्माला घातलेली नाही. ती आपल्याकडे फार जुनी आहे.

विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म १९३५ साली आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात झाला. पोटात कळा सुरू असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकीकत कौतुकाने सांगितली जाते. आम्हाला ती ऐकताना अंगावर काटा येतो. बाळंतपणातही सुट्टी मागता येऊ नये, असे हे कसले काम? समोरचे प्रेक्षक तिला परत बोलावत होते, याचे कुणालाच काही वाटू नये? १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवले गेले. २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी वर्गणी काढावी लागली होती. आता राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

किशोर शांताबाई काळे हे करमाळा तालुक्यातले. 'कोल्हाट्याचं पोर' हे त्यांचे आत्मकथन १९९४ साली आले, तेव्हा नाचणाऱ्या बाईच्या कमाईवर घरातले पुरुष कसे पोसले जातात आणि तिला आई म्हणून जगायलाही कशी मुभा नसते, हे पांढरपेशा वाचकांना पहिल्यांदा कळले. मोडनिंबची कलाकेंद्रे आपल्यापासून लांब नाहीत. या परंपरेत नाचणाऱ्या स्त्रिया कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग अशा समाजांतून आल्या आणि बघणारे, पैसे फेकणारे वरच्या जातींतले राहिले, हे विसरून 'लोककला' या शब्दाचा गजर करणे म्हणजे निम्मेच सांगणे होय. आज कुठल्याही जातीतली मुलगी मोबाइलसमोर नाचते आहे. व्यासपीठ बदलले, पण बघणाऱ्याची नजर तीच राहिली. पूर्वी ती चावडीवरून यायची, आता खिशातून येते. २०२० साली टिकटॉकवर बंदी आली, पण मुलींचे नाचणे थांबले नाही आणि खाली घाण लिहिणारेही थांबले नाहीत. दोघेही दुसरीकडे गेले.

आता आपल्या भूमिकेकडे. ऐंशीच्या दशकात आपण भिंतींवरच्या पोस्टर्सना काळे फासले. तो संताप खरा होता. त्याच वातावरणात स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा कायदा आला. तो मुख्यतः जाहिरातींचा आणि छापील मजकुराचा विचार करतो. दूरचित्रवाणी आणि इंटरनेट त्यात आणण्यासाठी २०१२ साली मांडलेली दुरुस्ती कायदा होऊ शकली नाही. पण खरी उणीव दुसरीच आहे. 'असभ्य' कशाला म्हणायचे? बाईचे अंग दिसणे म्हणजे असभ्य, की बाईला वस्तू मानणे म्हणजे असभ्य? १९९६ साली बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धेला विरोध झाला, तेव्हा बाजाराविरुद्ध बोलणाऱ्या स्त्रिया आणि बायकांनी घरात राहावे म्हणणारे एकाच रस्त्यावर दिसले. आणि २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्सबारवर बंदी घातली, तेव्हा स्त्री संघटनांतच मतभेद झाले. काहींनी स्वागत केले, काहींनी बारबालांच्या रोजगारासाठी न्यायालयात धाव घेतली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. मधल्या आठ वर्षांत ज्यांची रोजीरोटी गेली त्यांचे पुढे काय झाले, याची विचारपूस बंदी मागणाऱ्यांनी केली नाही.

यातून आम्ही शिकलो ते एवढेच : बंदीचा पहिला फटका नाचणारीला बसतो, नाचवणाऱ्याला नाही. म्हणून आम्ही बंदी मागत नाही. पण चित्रणावर बोलायचे सोडणारही नाही. त्या गाण्यांत बाईची जी किंमत केली जाते तिच्याशी आमचे भांडण आहे. त्या गाण्यावर पाय थिरकणाऱ्या मुलीशी नाही. नाचण्यातला आनंद तिचा आहे. सोलापूरच्या मिरवणुकांत लेझीम खेळणाऱ्या मुली बघा. अंग मोकळे करून, ताल धरून, घामाघूम होऊन नाचणे ही बाईला मिळालेली मोठी मोकळीक आहे. ती संस्काराच्या नावाखाली काढून घेणारे आणि ती विकून खाणारे, दोघेही तिचे मित्र नव्हेत.

करायचे काय? गटांसाठी काही सुचवण्या देत आहोत.

पहिली, गाणी एकत्र बघा. आवाज बंद करून, मग चालू करून. कॅमेरा कुठे थांबतो, बोलते कोण, बघते कोण, हे मुलींना आणि मुलांनाही मोजायला सांगा. मुलांना बाहेर ठेवून हे शिबिर घेऊ नका.

दुसरी, गावात नाचाचा कार्यक्रम असेल तर आयोजकांना विचारा : कलावंत स्त्रियांना कपडे बदलायला बंद खोली आहे का, स्वच्छतागृह आहे का, ठरलेले पैसे लेखी आहेत का, परतीच्या प्रवासाची सोय आहे का? मंडळांना हे प्रश्न आपल्याशिवाय कुणी विचारणार नाही.

तिसरी, कायदा माहीत असू द्या. स्त्रीचे खासगी क्षणांतले चित्रण चोरून करणे आणि पसरवणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. चित्रणाला तिची संमती असली तरी पसरवायला नसेल, तर पसरवणे गुन्हाच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई सुद्धा लागू होते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. पुढे पाठवणाराही गुन्हेगार ठरू शकतो, हे कट्ट्यावरच्या पोरांना स्पष्ट सांगा.

चौथी, आणि सर्वांत अवघड, आपल्या घरातली. मुलीचा व्हिडिओ फिरला तर मोबाइल फोडण्याआधी आणि कॉलेज बंद करण्याआधी तिच्याशेजारी बसा. ज्याने खाली घाण लिहिली त्याच्या घरी जा. शिक्षा कुणाला होते आहे, ते बघा.

त्या आईचा प्रश्न बैठकीत सुटला नाही. पण पुढच्या आठवड्यात गटातल्या पाच जणी तिच्या घरी गेल्या, भावाशी आणि बापाशी बोलल्या. मुलगी पुन्हा कॉलेजला जाऊ लागली आहे. लग्नाची बोलणी अजून थांबलेली नाहीत. आम्हीही जायचे थांबवलेले नाही.