सातबारा कोरा झाला, पुढे काय?

नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना निवेदन दिलं: आमचे अवयव विका आणि बँकेचं कर्ज फेडून घ्या. सोबत दरपत्रक होतं. किडनी ७५ हजार, यकृत ९० हजार, डोळे २५ हजार. त्याआधी तीन मोठ्या कर्जमाफ्या होऊन गेल्या होत्या. २००८ ची केंद्राची, २०१७ ची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची.

म्हणूनच माफीनं शेतकरी सावरला, हे मला पटत नाही. माफीला माझा विरोध नाही. गळ्यापर्यंत कर्जात बुडालेल्या माणसाला आधी सोडवायलाच हवं. पण माफीची रक्कम त्याच्या हाती येतच नाही, ती बँकेच्या थकीत खात्यात जमा होते. कर्जात बुडालेल्या ग्रीस देशातही हेच झालं. २०१० ते २०१८ या काळात तीन मदत योजना झाल्या, त्यातला मोठा वाटा जुनं कर्ज देणाऱ्यांकडे गेला, आणि शेवटची योजना संपली तेव्हा उत्पन्नाच्या तुलनेत देशाचं कर्ज सुरुवातीपेक्षा जास्त होतं.

आपल्याकडे तर या तिन्ही माफ्यांत सावकार आणि कृषी सेवा केंद्राची उधारी धरलीच गेली नाही. मृगाला बियाणं-खत उधारीवर उचलायचं, दिवाळीआधी ओलं सोयाबीन आडतीवर नेऊन घालायचं. ओलाव्याच्या नावाखाली भाव कापला जातो, तरी माल परत नेता येत नाही, कारण उधारीवाला दारात उभा असतो. मार्चमध्ये पीककर्ज नवं-जुनं करायला चार दिवसांसाठी पुन्हा सावकाराकडेच जावं लागतं. बँकेच्या वहीत ती वसुली दिसते, घरात ते नवं कर्ज असतं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास विकावं लागलं. क्विंटलमागे एवढी खोट खाऊन कोणतं खातं कोरं राहील?

अतिवृष्टीनंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, राज्य सरकारनं कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेण्याचं जाहीर केलं. माफी जरूर मागा. पण त्याच निवेदनात आणखी दोन मागण्या लिहा: नवं पीककर्ज पेरणीआधी, मे महिन्यातच मिळावं; आणि हमीभावाची खरेदी केंद्रं सोयाबीनची पहिली गाडी बाजारात येण्याआधी सुरू व्हावीत.