फोटोतली बाई, रेडिओवरची बाई

आठ मार्च जवळ आला की वृत्तपत्रांत बायकांच्या फोटोंची शोधाशोध सुरू होते. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या वाट्याला ठरलेला फोटो येतो: भेगाळलेली जमीन, डोक्यावर दोन हंडे, पदराने अर्धा झाकलेला चेहरा. मार्चमध्ये त्यावर ‘रणरागिणी’ असा मथळा असतो, मे महिन्यात ‘पाण्यासाठी वणवण’. बाई तीच. नाव दोन्ही वेळा नसते.

टीव्हीवरची बाई निराळी. ती भरजरी साडी नेसून झोपते, दागिने घालून भाजी चिरते आणि उरलेला वेळ कट रचण्यात किंवा सोसण्यात घालवते. दिवसभर राबून आल्यावर अशा मालिका आवडीने बघणाऱ्या बायका माणमध्येही आहेत; त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की, हंडेवाली आणि शालूवाली यांच्यामध्ये कर्ज मागणारी, जनावरांचा हिशेब ठेवणारी, साहेबाशी हुज्जत घालणारी बाई दिसते कुठे? जी कधी दिसलीच नाही, तिला कर्ज देताना साहेबाचा हातही आखडतो. आणि आपल्याला कोण उभे करणार, असे तिलाही वाटू लागते.

माणमधल्याच म्हसवडमध्ये असा हात आखडल्याचे घडलेले आहे. रस्त्याकडेला वेल्डिंगचे काम करणाऱ्या कांताबाईंना पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घालायचा होता, त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. इतक्या लहान रकमेचे खाते उघडायला बँका तयार नव्हत्या. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचे ठरवले, तर प्रवर्तक महिला निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. कागदावर अंगठे दिसले आणि बायकांची किंमत तिथेच ठरली. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो. तुमच्या माणसांनीही तो यंत्राशिवाय करून दाखवावा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

पण आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट २००८ मध्ये झाली. त्या वर्षी म्हसवडमध्ये ‘माणदेशी तरंग’ हा सामुदायिक रेडिओ सुरू झाला. तिथे बाईचा फोटो काढायला कुणी येत नाही, तीच बोलते. २०१२ च्या दुष्काळातल्या चारा छावणीत गाणी म्हणणाऱ्या केराबाई लिहिता-वाचता येत नसताना या रेडिओच्या निवेदिका झाल्या. दुष्काळ त्यांच्याही आवाजात होताच, पण तो सांगणाऱ्या त्या होत्या. आवाज ओळखीचा, बोली घरची. ऐकणारीच्या मनात ‘ही बोलते, तर मी का नाही’ हे यायला आणखी काय लागते?

रेडिओबाहेरचे चित्र जुनेच राहिले. माण तालुक्यातल्याच मोहीच्या धावपटू ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत पोचल्या. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय महिला धावपटू ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत उतरली होती. प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. बातम्यांना मात्र हवी होती ‘दुष्काळाची लेक’. (शर्यतीत पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या असतात, मथळा देणाऱ्याची चांगलीच सोय झाली असणार.) मॅरेथॉन धावणाऱ्या मुलीने ही अवघड शर्यत का निवडली, अडथळ्यावर पाय कसा टाकायचा हे ती कशी शिकली, हे कुणी फारसे विचारले नाही. गरिबीची कहाणी वाचून हळहळता येते. धावू पाहणाऱ्या पोरीला त्यातून शिकण्यासारखे मिळत नाही.

हा दोष एकट्या माणचा किंवा मराठी वृत्तपत्रांचा नाही. जगभरच्या बातम्यांची पाहणी करणाऱ्या प्रकल्पाला १९९५ मध्ये बातम्यांत दिसणाऱ्या माणसांत १७ टक्के स्त्रिया आढळल्या होत्या. २०२० मध्ये २५ टक्के. पाव शतकात आठ टक्के! स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा कायदा आपल्याकडे १९८६ पासून आहे. तो अश्लीलतेला हात घालतो. बाईला बिननावाची ठेवणे मात्र कोणत्याच कलमात बसत नाही, ते संपादकाच्या टेबलावरच थांबवावे लागेल.

तेव्हा यंदाच्या महिला दिनाच्या पुरवणीत हंड्याचा फोटो छापायचाच असेल, तर खाली तिचे नाव, गाव, गावात टँकर शेवटचा कधी आला ती तारीख आणि त्याबद्दल तिचे म्हणणे छापा. ते मिळाले नसेल, तर फोटो परत पाठवा.