पक्षी न मारता लावलेला शोध

परवा एका मित्राशी मस्त वाद झाला. विषय : बुगुन लिओसिक्ला. नाव ऐकून घाबरू नका, पक्षी आहे! साधारण २२ सेंमी लांब, राखाडी-हिरवट अंगाचा, डोक्यावर काळी टोपी आणि पंखांवर पिवळे-लाल ठिपके. अरुणाचलातल्या ईगलनेस्ट अभयारण्याच्या परिसरात, दोन हजार मीटरच्या वर राहतो.

त्याचं शास्त्रीय वर्णन २००६ मध्ये 'इंडियन बर्ड्स'मध्ये छापून आलं. ते करणारे रमणा अथ्रेया तेव्हा पुण्याच्या एनसीआरएमध्ये खगोलशास्त्रज्ञ होते. म्हणजे पोटापाण्याचं काम रेडिओ दुर्बिणींचं आणि वेड पक्ष्यांचं. १९९५ मध्ये त्यांना हा पक्षी ओझरता दिसला होता. परत दिसला तो थेट २००५ मध्ये. दहा वर्षं डोक्यात किडा ठेवायचा म्हणजे खायचं काम नाही.

वादाचा मुद्दा मात्र पुढचा. नवीन प्रजाती जाहीर करायची तर नमुना लागतो. जुनी रीत म्हणजे पक्षी पाडायचा, कातडं भरायचं आणि संग्रहालयाच्या खणात ठेवायचा. सालिम अलींच्या काळात सगळे हेच करत, स्वतः तेही. अथ्रेयांना तोवर जेमतेम १४ पक्षी दिसले होते. मे २००६ मध्ये पक्षी जाळ्यात आला, तेव्हा त्यांनी मोजमापं घेतली, फोटो काढले, गळालेली पिसं जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला!

मित्र म्हणतो, "हे भावनेचं झालं, विज्ञानाचं नाही." त्याच्या म्हणण्यात अगदीच दम नाही असं नाही. सोमालियात पकडलेल्या एका पक्ष्याला १९९१ मध्ये असंच, न मारता, नवी प्रजाती ठरवलं होतं. २००८ मध्ये कळलं की तो आधीच माहीत असलेल्या प्रजातीचाच वेगळ्या रंगाचा पक्षी आहे. झाली ना पंचाईत?

पण गंमत बघा, ती चूक डीएनएच्या तपासणीतूनच पकडली गेली. म्हणजे पक्षी जिवंत सोडला तरी चूक सुधारायची वाट बंद होत नाही. पक्षी मेला आणि तो शेवटच्या काहींपैकी असला, तर मात्र ती चूक कोण सुधारणार? आमच्या धंद्यात साधा नियम आहे, बॅकअप नसेल तर डिलीट करायचं नाही. शिवाय प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नमुना म्हणून प्राण्याचा एखादा भागही चालतो. मग पिसं का नाही चालणार?

मला सगळ्यात आवडलं ते नाव. 'बुगुनोरम' म्हणजे बुगुन लोकांचा. हे जंगल ज्यांचं, त्या जमातीचं नाव अथ्रेयांनी पक्ष्याला दिलं. पुढे २०१७ मध्ये सिंगचुंगच्या बुगुनांनी आपल्या जमिनीपैकी सुमारे १७ चौरस किमी जंगल सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून राखलं. नावामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या नावाचा पक्षी खणात पडून असण्यापेक्षा मागच्या डोंगरात शीळ घालत असला, तर तो राखावासा वाटणारच ना!

मित्राला अजून पटलेलं नाही. असो. तुम्ही जाळ्याशी उभे असता, तर काय केलं असतं?