गूळ, तेल आणि कमरेचा घेर



आहाराविषयीचा जो सल्ला वृत्तपत्रांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून खेड्यापाड्यांत पोहोचतो, त्यात बहुधा पदार्थांना पास-नापास केलेले असते : तेल वाईट, साखर विष, गूळ उत्तम, भाकरी म्हणजे औषधच. या निकालपत्रात प्रमाणाचा रकाना नसतो, आणि दौंड-शिरूर भागातील आहाराचा मूळ प्रश्न तर प्रमाणाचाच आहे.

दौंड तालुका गुऱ्हाळांचा असल्यामुळे गुळापासून आरंभ करणे भाग आहे, मग ते येथील ऊसउत्पादकांना रुचो वा न रुचो. काहिलीत आटवलेल्या उसाच्या रसात थोडे लोह आणि काही खनिजे उरतात हे खरे असले, तरी गुळाचा बहुतांश भाग सुक्रोज म्हणजे साखरच असते. ती पचनानंतर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांत विभागली जाते, आणि शंभर ग्रॅम गुळातून मिळणारी ऊर्जा तेवढ्याच साखरेपेक्षा किंचितच कमी भरते. गूळ रसायनमुक्त आहे की नाही हा महत्त्वाचा पण वेगळा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराने मधुमेह्याच्या रक्तातील साखर खाली येत नाही. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली ठेवण्यास सांगते, आणि तिच्या लेखी गूळ, काकवी व मध हेही त्याच साखरेत मोडतात. दोन हजार कॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे 50 ग्रॅम होते. दिवसातून पाच कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घेतली, की 40 ते 50 ग्रॅम तेथेच संपतात. पाहुणचाराचा चहा नाकारणे ग्रामीण भागात उद्धटपणाचे मानले जात असल्याने पाच ही संख्या मुळीच अतिशयोक्तीची नाही.

तेलाविषयीची भीतीही अशीच अर्धवट आहे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून नऊ कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून चार. म्हणून तेल मोजून वापरावे हे योग्यच. परंतु तेल बंद केले म्हणजे रक्तातील चरबी आपोआप उतरते, ही समजूत चुकीची आहे. पिष्ट आणि साखर (यांनाच एकत्रितपणे कर्बोदके म्हणतात) गरजेपेक्षा अधिक झाली, तर यकृत व स्नायूंतील मर्यादित साठा भरल्यानंतर यकृत त्यांचेच ट्रायग्लिसराइडमध्ये, म्हणजे चरबीच्या एका प्रकारात रूपांतर करते, आणि बिनतेलाच्या भाजीबरोबर भाताचा डोंगर संपवणाऱ्याच्या तपासणी-अहवालात तोच आकडा वाढलेला दिसतो. लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल, रिफाइंड तेल आणि साजूक तूप यांची ऊर्जा जवळजवळ सारखी असते. फरक असतो तो हृदयरोगाच्या दृष्टीने जपून खाव्यात अशा संपृक्त मेदाम्लांचा, जी तुपात पुष्कळ आणि शेंगदाणा तेलात कमी असतात. पिशवीवरील ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हा शब्द तर निव्वळ विक्रीकला आहे, कारण वनस्पतिजन्य तेलात दखल घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसतेच.

भाकरीचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण तिच्याशी अस्मिता जोडलेली आहे. बाजरीत तंतुमय भाग भरपूर असतो आणि तांदळापेक्षा प्रथिनेही अधिक असतात, यात वाद नाही. तथापि शंभर ग्रॅम बाजरीतही साठ ग्रॅमच्या वर कर्बोदके असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणावर आधारित, 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार भारतीयांना सरासरी 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, आणि पांढऱ्या तांदळासारख्या धान्याऐवजी गव्हाचे वा भरडधान्याचे पीठ वापरल्याने, एकूण कर्बोदके तेवढीच राहिली तर, मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. तेव्हा चार भाकऱ्या आणि नावापुरते कोरड्यास, या ताटाला भरडधान्याचे लेबल लावून भागणार नाही. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ किंवा घट्ट पिठले, आणि दही वा अंडे असा बदल हवा. उसाच्या फडात दिवसभर राबणाऱ्याला चार भाकऱ्या पचत असतील, मात्र त्याच घरातील मोटारसायकलवरून दुकानात जाऊन बसणाऱ्या मुलाला त्या लागू नाहीत.

सर्वांत घातक गैरसमज मात्र ‘अंगाने बारीक, म्हणजे निरोगी’ हा आहे, आणि तो खोडून काढणारे संशोधन पुणे जिल्ह्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने 1993 पासून पुण्याजवळील सहा गावांत गरोदर माता व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो होते. तरीही आपल्या बालकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून राहिलेली दिसली. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने डॉ. याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले : दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, 22.3 होता; परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के होती. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. पोटाभोवती साठणारी चरबी इन्शुलिनच्या, म्हणजे रक्तातील साखर पेशींत पोहोचवणाऱ्या संप्रेरकाच्या, कामात अडथळा आणते, आणि तिचा अंदाज साध्या टेपने येतो. भारतीय पुरुषासाठी 90 आणि स्त्रीसाठी 80 सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची मर्यादा मानली जाते.

तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशा स्वयंसेविका जो तपासणी अर्ज भरतात, त्यात कमरेचा घेर विचारलेला असतोच. तो आकडा अर्जातच न राहता त्या व्यक्तीला जागेवर सांगितला जावा, आणि वृत्तपत्रांनी आरोग्यविषयक मजकुरात प्रत्येक पदार्थापुढे त्याचे प्रमाण ग्रॅममध्ये किंवा वाटी-चमच्यांत छापावे, एवढीच विनंती.

एक वाचक,
भांडगाव, ता. दौंड, जि. पुणे