तार गंजली, आता कुंपण पेरा

गंजलेली काटेरी तार काढून पुन्हा तारच ओढावी काय, असे भीमपूर भागातील शेतकरी बंधू विचारतात. आमचे मत आहे, ओढू नये.

तारेवरचा जस्ताचा मुलामा गेला की ती दर पावसाळ्यात खंगत जाते. लोखंडी खांब आधी सडतो तो जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. त्यात काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ रोवलेला खांब सिमेंटचा असला तरी कलतो. रानडुक्कर तर तारेला हात न लावता खालची माती उकरून आत येते.

मात्र जुनी तार इतक्यात काढू नका. मृगाच्या पावसावर तिच्या कडेने सागरगोट्याचे बी दोन ओळींत लावा. कवच फार टणक असते. खरखरीत दगडावर थोडे घासून, रात्रभर भिजवूनच लावावे. ही काटेरी वेल आधार मागते, तो ही गंजकी तारच देईल. दोन-तीन वर्षांत तार गळेल तेव्हा काट्यांची दाट भिंत उभी राहिलेली असेल. खालच्या फटींत घायपाताची रोपे लावावीत. रेल्वेच्या कडेने ती लावत असत ते उगीच नव्हे. डुक्कर यानेही पुरते अडेल असे आम्ही म्हणत नाही, पण उकरणे त्याला जड जाते. छाटणी दरवर्षी हवी, नाहीतर कुंपणच शेत खाईल. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याला आधी विचारावे. कोर्टकचेरीपेक्षा चहा स्वस्त पडतो.

काही जण गंजक्या तारेतच रात्री घरची वीज सोडतात. याला आमचा सक्त विरोध आहे. तो गुन्हा तर आहेच. पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघ इकडे येतात. पण वाघ, डुक्कर आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी यांतला फरक त्या तारेला कळत नाही.

तार काढताना हात जपावेत. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू माती-शेणात असतात व खोल जखमेतून शिरतात. जखम साबणपाण्याने धुवावी, तिच्यावर शेण-राख लावू नये. मागील इंजेक्शनाला पाच वर्षे उलटली असल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. आणि तारेचे तुकडे वेचून भंगारात द्यावेत; वैरणीतून बैलाच्या पोटात गेले तर ते थेट काळजापर्यंत टोचतात.