घरी रुग्ण सांभाळणाऱ्या ताईंची पात्रता कोण ठरवणार?

मा. जिल्हाधिकारी आणि मा. जिल्हा शल्यचिकित्सक, भंडारा यांस,



तुमसर, पवनी, लाखांदूरकडची मुलं नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेली आणि घरी म्हातारी माणसं उरली. लकवा मारलेला माणूस थोड्याच दिवसांत दवाखान्यातून घरी येतो. पुढची कित्येक महिन्यांची सेवा मग गावातली एखादी ताई पैसे घेऊन करते. तिला काय यायला हवं, हे कुणी विचारत नाही.

कायदाही विचारत नाही. एएनएम म्हणजे सहायक परिचारिका व्हायला बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यास आणि परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. आरोग्यातल्या इतर व्यवसायांसाठी 2021 साली केंद्राने कायदा केला, पण तो किमान दोन हजार तासांच्या अभ्यासक्रमापासून सुरू होतो. रुग्णाच्या उशाशी रात्र काढणारी बाई त्यात बसत नाही. ‘होम हेल्थ एड’ हा अभ्यासक्रम हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने तयार केलेला आहे आणि त्याला मोठी पदवी लागत नाही. तो केल्याशिवाय या कामावर घेऊ नये, असं बंधन मात्र नाही.

आमच्या नात्यातल्या एका आजोबांसाठी घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या एका ब्यूरोने मुलगी पाठवली. स्वभावाने गुणी, कष्टाळू. नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू उंच हवी, दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आजोबांच्या पाठीला खोल जखम झाली. मी तिला दोष देत नाही. शिकवल्याशिवाय तिला कामावर धाडणाऱ्यांचा तो दोष आहे.

अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेची मान्यता हवी असलेल्या संस्थेला अशा सहायिकेचं किमान 75 तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. त्यातले 16 तास तरी देखरेखीखाली प्रत्यक्ष काम असतं आणि पुढे दरवर्षी 12 तासांचं शिक्षण असतं. 75 तास म्हणजे जेमतेम दोन आठवडे. आपण तेवढंही मागत नाही.

पण उद्या उठून ‘दहावी पास नसेल तर काम नाही’ असा आदेश काढू नका, ही कळकळीची विनंती. वर्षानुवर्षं हे काम जिवापाड करणाऱ्या कितीतरी बाया त्यात बाहेर पडतील. शेजारच्या गडचिरोलीत काय झालं ते पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत, जेमतेम शाळा शिकलेल्या गावच्याच बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचा श्वास मोजणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणंसुद्धा. नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. पुढे देशभरच्या आशाताईंना हीच पद्धत शिकवली गेली. त्या बायांकडे पदवी नव्हती. नेमकं शिक्षण होतं, हाताची परीक्षा होती आणि कुणीतरी नियमित येऊन काम तपासत होतं. माझ्या मते पात्रता ती हीच.

म्हणून मागणं असं. जिल्हा रुग्णालयात आणि तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात या ताईंचं प्रशिक्षण प्रत्यक्ष वॉर्डात, परिचारिकेच्या हाताखाली व्हावं. आता जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळालं आहे, त्याचीही मदत घ्यावी. जुन्या बायांची तोंडी आणि हाताची परीक्षा घेऊन त्यांच्या अनुभवाला प्रमाणपत्र द्यावं. पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहेच. अभ्यास इथल्या आजारांचा हवा. सिकलसेलच्या रुग्णाला कळा सुरू झाल्या तर काय करायचं, हत्तीपायाचा पाय रोज कसा धुवायचा आणि कोरडा ठेवायचा, मे महिन्यात अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला पाणी किती वेळा पाजायचं. तिने काय करायचं नाही, तेही लिहून द्या: सलाईन लावणं नाही, कॅथेटर बदलणं नाही, स्वतःच्या मनाने औषध देणं नाही. घरचे लोक हट्ट धरतात तेव्हा नाही म्हणायला तिला त्या कागदाचा आधार होईल.

परीक्षेत उतरलेल्यांची यादी जिल्हा रुग्णालयात आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावा, म्हणजे घरच्यांना ब्यूरोच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही आणि प्रमाणपत्र असलेल्या ताईला मजुरीही हक्काने मागता येईल.

जुलैत रोवणी लागली की या बाया बांधीत असतात. पहिली तुकडी त्याआधी, उन्हाळ्यातच सुरू करावी.

आपला,
भंडारा जिल्ह्यातील एक नागरिक